कानानं खेळ बघणारे पाद्रीबाबा

एका पायावर उभं राहून देवाचं सांगणारा माणूस मी जन्मात एकच बघितला, ते आमचे पाद्रीबाबा. 'आमचे' म्हणतो खरा, पण मी त्यांच्या धर्माचा नव्हे आणि नात्यागोत्याचा तर नव्हेच. मी महाराजांच्या पागेत खोगिरं शिवणारा मुसलमान कारागीर, आणि ते मिशनच्या चिमुकल्या चर्चचे पाळक. गाव त्यांना पाद्री म्हणायचं, पोरं पाद्रीबाबा म्हणायची. महाराजांची गोष्ट वेगळी, ते राजे होते. पण साध्या माणसांत असा कोण भेटला, की ज्याच्यापुढं तुला आपण फार लहान आहोत असं वाटलं, असं कुणी विचारलं तर मी याच एका माणसाकडं बोट दाखवतो. ऐकणारे हसतात. हसू देत, माझं काय जातंय!

त्या एका पायाची भानगड अशी. दर उन्हाळ्यात जोतिबाची यात्रा उरकली आणि पोरांच्या कानामागचा गुलाल धुऊन निघाला, की पाद्रीबाबा बावड्याच्या वाटेवरच्या माळावर गरिबांच्या पोरांसाठी पंधरा दिवसांचा फुटबॉलचा क्यांप भरवायचे. सकाळी खेळ, दुपारी भाकरी, उन्हं कलली की पुन्हा खेळ. मधल्या विश्रांतीत येशूची एक गोष्ट. पण गोष्ट किती लांबवायची याचा त्यांनी स्वतःलाच दंडक घालून घेतला होता. एका पायावर उभं राहवेल तेवढीच गोष्ट. दुसरा पाय टेकला की 'आमेन', मग गोष्टीतल्या मेंढपाळाला हरवलेलं मेंढरू सापडलेलं असो वा नसो.

"आमा पाद्र्यांस्नी कुणीतरी आवराय पायजे," ते मला म्हणायचे. "माणसं भिडेनं आवरत न्हाईत, म्हणून पायाला सांगून ठेवलंया."

पोरं गोष्ट ऐकायची की पाय बघायची, खुदा जाणे. पाय लटपटायला लागला की सगळा माळ कालवा करायचा, "पाद्रीबाबा, टेकू नका! मेंढरू गावू द्या!" आणि पन्नाशीचा तो थोराड, काळा माणूस, कोपरांवर ठिगळं लावलेला पांढरा लांब डगला घालून, घामानं निथळत, एका पायावर ते मेंढरू घरी आणायचा. मी मशिदीतल्या वाजाला, मौलवींच्या प्रवचनाला, पेंगणारा माणूस, पण त्या माळावर कधी पेंगलो नाही.

आमची ओळख बॉलमुळं झाली. मिशनकडनं त्यांना एक विलायती फुटबॉल मिळाला होता. तो गाईच्या कातड्याचा आहे अशी कुणीतरी आवई उठवली, आणि पेठेतली पोरं त्याला पाय लावेनात. तेव्हा पाद्रीबाबा तो बॉल काखेत मारून पागेत आले आणि सरळ माझ्यासमोर भुईवर बसले.

"उस्ताद, असाच म्हशीच्या कातड्याचा शिवून देशील?"

"मी खोगीर शिवतो," मी म्हणालो. "असली कलिंगडं न्हाय शिवत."

"खोगिरावर बसतो एकटा. ह्येच्यामागं चाळीस पोरं पळतील. तूच बघ कुठलं काम मोठं हाय त्ये."

माझी तेव्हा पंचविशी होती, लग्न झालं होतं, एक मुलगी होती, आणि आपल्या हाताएवढा हात कोल्हापुरात नाही अशी माझी समजूत होती. कुणी डिवचलं की मी पेटायचो. मोडीत काढलेल्या खोगिराचं म्हशीचं कातडं घेतलं, मेणाचा दोरा घेतला आणि आरी चालवली. बॉल झाला, पण जरा लांबट झाला. टप्पा पडला की भलतीकडंच जायचा. मी शरमेनं परत मागितला तर देईनात.

"ह्यो ऱ्हाऊ दे," म्हणाले. "ह्यो कुटं जाईल त्ये कुणालाच म्हाईत न्हाय. मोठ्याचं पोर आणि गरिबाचं पोर, दोगंबी सारखीच येडी हुत्यात ह्येच्यापुढं."

त्या बॉलच्या आतलं रबराचं ब्लॅडर ते तोंडानं फुगवायचे. आमच्या लोहाराच्या भात्याला जेवढा दम नव्हता तेवढा त्या छातीत होता. आवाजही तसाच. ते माळावरनं हाक मारायचे आणि पागेतले घोडे कान टवकारायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

प्रार्थना मात्र ते डोळे उघडे ठेवून करायचे. पहिल्या वर्षी सगळ्यांनी डोळे मिटले, 'आमेन' म्हणून उघडले, तर बॉल गायब! दोन पोरं बॉल घेऊन बावड्याच्या उसात पळाली होती. तेव्हापासून पाद्रीबाबा हात जोडून, मान वर करून, एक डोळा आभाळाकडं आणि एक बॉलकडं ठेवून देवाशी बोलायचे. "देव रागवत न्हाय," ते सांगायचे. "त्येला म्हाईत हायती कोल्लापूरची पोरं."

मिशनमधले काही जण कुरकुरायचे, पोरं नुसतीच पळतात, ख्रिस्ती कोण होतंय? पेठेतले लोक उलटं कुरकुरायचे, हा बॉल दाखवून पोरं बाटवतोय. पाद्रीबाबांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "आदी पळून दम तर लागू द्या." बाटलेलं पोर मी तीन उन्हाळ्यांत पाहिलं नाही. पंधरा दिवसांत अंगावर मूठभर मांस चढलेली पोरं मात्र पुष्कळ पाहिली.

आता राखेचं सांगतो. माळावर रेघा मारायला चुना नव्हता, म्हणून प्रत्येक पोरानं घरच्या चुलीतली मूठभर राख आणायची असा नियम होता. सकाळी चाळीस पोरं मुठी आवळून यायची, पाद्रीबाबा ती सगळी राख एका घमेल्यात घ्यायचे आणि तिच्या रेघा ओढायचे. जे पोर रिकाम्या हातानं येई, त्याला ते दटावून म्हणायचे, "तू आज भाकरीच्या बुट्टीपाशी बस. राखण कर. आणि भाकरी कच्ची बिच्ची हाय का त्ये आदी खाऊन बग."

मी एकदा चिडून म्हणालो, "पाद्रीबाबा, नियम मोडला त्याला भाकरी, आणि राख आणली ती पोरं उपाशी पळत्यात. हे कसलं राज्य?"

ते रेघ ओढत होते. वर न बघता म्हणाले, "उस्ताद, राख आणाय कुणी इसरत न्हाय. चूल पेटली तर राख हुती."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती चार भाकऱ्या जास्त थापायला लागली, मला न विचारता.

पण सगळ्यांत मोठा नियम पाय धुण्याचा. येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते म्हणे. पाद्रीबाबांनी ते उचलून थेट फुटबॉलमध्ये आणलं. खेळात ज्यानं दुसऱ्याला लाथ मारली, त्यानं लोटा घेऊन त्याच्यासमोर बसायचं आणि त्याचे दोन्ही पाय धुवायचे. मगच खेळ पुढं सुरू. माळ्याच्या पोरानं शिंप्याच्या पोराचे पाय धुतले, शिंप्याच्या पोरानं कुंभाराच्या पोराचे धुतले. पहिल्यांदा पोरं खिदळायची. पण एकदा का समोरच्याचा पाय हातात घेतला, की हसू कुठं जायचं कोण जाणे. पुन्हा त्या पोराच्या वाटेला ते पोर जायचं नाही.

आणि लाथ कुणी मारली याचा निकाल पाद्रीबाबा द्यायचे तो डोळ्यांनी नव्हे, कानांनी! डोळ्यांनी ते फार अधू होते. चष्मा एकुलता एक, तो बॉल लागून फुटेल या भीतीनं खेळ सुरू व्हायच्या आधी ते रुमालात गुंडाळून माझ्या हातात द्यायचे. "हे माझं डोळं, उस्ताद. सांभाळ." मग पितळी घंटा घेऊन माळाच्या मधोमध उभे राहायचे, मान तिरकी करून. नडगीवर टाच बसली की अंगठा, ते त्यांना आवाजावरनं कळायचं. कोण ओरडलं ते कळायचं, त्याच्याशी कोण भिडलं तेही पावलांच्या आवाजावरनं कळायचं. घंटा वाजवून ते बरोबर ओरडलेल्या पोरापाशी जाऊन उभे राहायचे. मी एकदा त्यांची परीक्षा बघावी म्हणून मागं उभं राहून आरीची मूठ माझ्याच नडगीवर आपटली. मागं वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "उस्ताद, त्ये लाकूड हाय." मी कानाला हात लावला. असला माणूस अल्लानं एकच घडवला असणार, अशी माझी खात्री पटली.

"डोळं फसत्यात," ते म्हणायचे. "कान न्हाय फसत." मलाही ते खरंच वाटायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात दरबारात तक्रार गेली. तो माळ दरबारचा. दर वर्षी अर्ज करायचा, दर वर्षी पंधरा दिवसांची परवानगी आणायची. कुठल्याशा पोरानं घरी जाऊन पाय धुण्याचा नियम सांगितला आणि पेठ खवळली. त्या क्यांपात दोर वळणाऱ्यांच्या वस्तीतली सात-आठ पोरं येत. गावकुसाबाहेरची वस्ती ती. त्यांची सावलीसुद्धा लोक टाळायचे. उद्या आमच्या पोरांना त्यांचे पाय धुवायला लावणार काय, असा पेठेचा सवाल. महाराजांचं राज्य होतं, सगळ्यांची पोरं शिकावीत म्हणून महाराज झटत होते. पण हुकूम निघाला तरी तो माणसांच्या मनात उतरायला वेळ लागतोच.

दरबारचे एक कारभारी पाद्रीबाबांना म्हणाले, "मी स्वतः येऊन पोरांचा एक सामना बघतो. सगळं रीतसर दिसलं, तर माळ कायमचा तुमच्या क्यांपाला दिल्याचा कागद करतो. नाही दिसलं, तर यंदापासून बंद."

सामन्याच्या दिवशी सकाळी पाद्रीबाबांनी बॉल माझ्याकडं फुगवायला दिला. त्यांच्या छातीत त्या दिवशी दम नव्हता. "आज कागद झाला तर पोरांस्नी हक्काची जागा झाली, उस्ताद," ते म्हणाले. "म्या मेलो तरी क्यांप चालंल." मी तोवर त्यांच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं ऐकलं नव्हतं. हेही स्वतःसाठी नव्हतंच म्हणा.

संध्याकाळी लिंबाखाली कारभाऱ्यांची खुर्ची मांडली. पेठेतली माणसं जमली. पागेतले माझे वरिष्ठ जमादार मिशीला पीळ भरत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, कारण त्यांचा पुतण्या दौलत खेळत होता. दौलत वाईट पोर नव्हतं. लाडावलेलं होतं, पण मनानं चांगलं. आपल्या कनवटीचा गूळ तो शिद्याला द्यायचा. हातावर नव्हे, दगडावर ठेवून, पण द्यायचा.

शिद्या म्हणजे दोर वळणाऱ्यांच्या वस्तीतलं पोर. बारा-तेरा वर्षांचं, काटकुळं. माझा तो लांबट बॉल सगळ्यांना चकवायचा, फक्त शिद्याला नाही. त्याच्या पायापाशी आला की गुमान चालायचा.

त्या दिवशी शिद्या बॉल घेऊन गोलाकडं सुटला. दौलत आडवा आला, बॉल चुकला आणि त्याची लाथ शिद्याच्या नडगीवर बसली. मी चार हातांवर होतो. स्वच्छ बघितलं. दोघंही पडले. दौलत घाबरला आणि त्यानं गुडघा धरून बोंब ठोकली, "आई गं! मेलो! मेलो!" शिद्या उठला, अंगावरची माती झटकली आणि तोंड मिटून उभा राहिला.

घंटा झाली. पाद्रीबाबा कानाच्या मागानं आले ते दौलतपाशी. त्याच्या गुडघ्यावरनं हात फिरवला. मग म्हणाले, "शिद्या, लोटा आण."

शिद्यानं एकदा वर बघितलं. लोटा आणला, दौलतच्या पुढ्यात बसला आणि त्याचे पाय धुतले. दौलतचं रडणं एकदम थांबलं. तो आपल्या पायांकडं बघतच राहिला. भोवतीच्या माणसांत बरं वाटल्याची कुजबुज झाली. कारभारी तर हसलेच. "वा, पाद्रीबुवा! लोक उगाच बोलतात. चांगली रीत लावलीत पोरांना. उद्या कागद पाठवतो."

आणि मी? माझ्या हातात पाद्रीबाबांचा चष्मा होता आणि शेजारी जमादार होते. मी तोंड उघडलं नाही. जमादार म्हणाले, "पोरगं जोरात पडलं रं आमचं," आणि मी म्हणालो, "व्हय की, जमादार."

खेळ संपला. पाद्रीबाबा हसत हसत माझ्याकडं आले. "झालं, उस्ताद! माळ आपला झाला!" म्हणून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याच वेळी शिद्या लोटा जागेवर ठेवायला समोरनं चालला होता. त्याच्या नडगीवरनं रक्त ओघळून पावलापर्यंत आलं होतं.

पाद्रीबाबा त्याच्यासमोर खाली बसले. जखम बघितली. "कुणी मारलं?"

"कुणी न्हाय, पाद्रीबाबा. आपलं लागलं."

"मग वरडला का न्हाईस?"

शिद्यानं जरा नवलानंच त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंसुद्धा ठाऊक नाही, अशा चेहऱ्यानं म्हणाला, "वरडलं की आणखी बसती न्हवं."

पाद्रीबाबा भुईवरच बसून राहिले. वस्तीतली बाकीची पोरं आसपास उभी होती. त्यांच्याकडं बघून त्यांनी विचारलं, "ह्येच्या आदीबी लागलं व्हतं? तुमास्नीबी?" पोरं खाली बघायला लागली. खेळात ती पोरंही इतरांसारखाच दंगा करायची, हसायची, भांडायची. पण लागलं तेव्हा त्यांच्यातलं एकसुद्धा पोर कधी ओरडलं नव्हतं. तीन उन्हाळ्यांत पेठेतल्या एकाही पोरावर त्यांचे पाय धुवायची वेळ आली नव्हती, आणि त्याचं नवल पाद्रीबाबांनाही वाटलं नव्हतं आणि मलाही नाही.

मग ते माझ्याकडं वळले. "उस्ताद, तू बघितलंस?"

जमादार अजून तिथंच होते. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो.

"माझं डोळं तुझ्या हातात दिलं व्हतं म्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांच्याशी भांडलो असतो.

"व्हय," मी पुटपुटलो. "बगितलं."

"मोठ्यानं बोल."

मी नाही बोललो.

पाद्रीबाबा उठले आणि त्यांनी घंटा वाजवली. कारभारी टांग्यात पाय ठेवत होते, ते थांबले. घोडे कान टवकारतात त्याच आवाजात पाद्रीबाबा म्हणाले, "निकाल चुकला! माझा चुकला! लाथ दौलतची व्हती. मार शिद्यानं खाल्ला, आणि पाय धुवाय म्या त्येलाच बसवलं!"

कारभारी हळूच म्हणाले, "पाद्रीबुवा, मिटलंय आता. कशाला उकरून काढता? कागद हवाय ना तुम्हांला?"

"हवा तर हाय, साहेब. लई हवा हाय." पाद्रीबाबा म्हणाले. "पर ह्या निकालावर माळ घेतला, तर हितं मी घंटा कुठल्या तोंडानं वाजवू?" मग ते सगळ्यांकडं वळले. "मीबी ह्याच दोर वळणाऱ्यांच्यातला. मार बसला की गप ऱ्हायचं, हे माझ्या आईनं मला शिकवलं व्हतं. वरडाय लागलो त्ये मिशीला पांढरा केस आल्यावर. सगळ्यांस्नी ठावं नसलं तर चालंल. मला ठावं असाय पायजे व्हतं. मीच इसरलो."

एवढं बोलून ते बसले. शिद्या मागं सरकायला लागला तसा त्यांनी त्याचा पाय धरला आणि धुवायला सुरुवात केली. रक्त धुतलं, माती धुतली, बोटांच्या बेचक्या धुतल्या. त्यांच्या पाठीवरचा तो डगला हलत होता. मग कुणी न बोलावता वस्तीतलं दुसरं पोर पुढं आलं, मग तिसरं, मग आणखी एक. सगळी सात-आठ पोरं रांगेनं उभी राहिली. दौलत एक पाऊल पुढं आला, खोटं कशाला सांगू, मी बघितलं. जमादारांनी त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत नेलं. तो वळून वळून मागं बघत गेला.

सूर्य कलला होता, माणसं पांगत होती. मी दूर उभा राहून बघत होतो. एका माणसानं आयुष्यभराची मागणी हातात आली असताना सोडून दिली, एवढ्याशा पोराच्या एका नडगीसाठी. मी सरदारांच्या शौर्याच्या गोष्टी ऐकत वाढलो. त्या दिवसानंतर त्या गोष्टींत मला पहिल्यासारखी मजा वाटेना.

कागद आला नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई आला, माळ रिकामा करा म्हणून. पेठेतली पोरं यायची बंद झाली, माळ्या-शिंप्यांची बरीचशी बंद झाली. जमादारांनी मला काही केलं नाही. कशाला करतील? मी काही केलंच नव्हतं.

दोन दिवस माझं कामात लक्ष लागेना. बायको म्हणाली, "भाकरीकडं बगत काय बसलायसा? ती काय बोलणार हाय?" मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हितं काय करतायसा?"

मी पागेत गेलो, मऊ कातड्याची एक अरुंद वादी कापली, दोन्ही टोकांना ओवायला बारीक नाकी शिवली आणि नदीकडं निघालो. उरलेली पोरं घेऊन पाद्रीबाबा पंचगंगेच्या वाळूत क्यांप चालवतात, असं ऐकलं होतं. पाऊस पडून नदीला पाणी येईपर्यंत ती वाळू कुणाच्या मालकीची नव्हती. पोरं सतरा उरली होती.

मी त्यांच्या चष्म्याला वादी लावली आणि डोक्यामागं बांधली. त्यांनी मान गदागदा हलवून बघितली. चष्मा हलेना. "आता बॉल लागून फुटला तर फुटला," ते म्हणाले. "पर बगणार म्या."

त्या दिवशी त्यांनी बॉल बाजूला ठेवला होता. पोरांना रांगेत उभं करून ते ओरडायला शिकवत होते. देवाशपथ! पन्नाशीचा पाळक नदीच्या वाळूत उभा राहून पोटातनं आवाज काढतोय, "लागलं!" आणि सतरा पोरं त्याच्यामागनं म्हणतायत, "लागलं!" पलीकडच्या काठावर म्हशी धुणारे थांबून बघायला लागले. वस्तीतल्या पोरांचे आधी ओठ नुसते हलायचे. मग एकाचा आवाज निघाला, मग दुसऱ्याचा, आणि मग त्यांना त्यात गंमतच वाटायला लागली. शिद्याचा मात्र निघेना. तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"ऱ्हाऊ दे," पाद्रीबाबा त्याला म्हणाले. "माझाबी लवकर निगाला न्हवता. निगंल तवा निगंल."

मग खेळ मांडला. सतरा म्हणजे एक कमी, म्हणून मला ओढलं. आयुष्यात बॉल शिवला होता, त्याच्यामागं पळलो कधीच नव्हतो. बॉल शिद्याकडं गेला, मी डोळे झाकून धावलो, आणि माझा जडशीळ पाय त्याच्या पावलावर पडला.

"ए उस्ताद! लागलं की मला!"

एवढा मोठा आवाज! सगळा खेळ थांबला. शिद्या स्वतःच दचकला, तोंडावर हात ठेवून पाद्रीबाबांकडं बघायला लागला. आता आपल्याला आणखी बसणार, अशी त्याची नजर होती. पाद्रीबाबांच्या हातातली घंटा तशीच राहिली. चष्म्याखालनं त्यांच्या गालांवर पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"ऐकलं, लेकरा," ते म्हणाले. "आणि बगितलंबी."

मी नदीवर गेलो, लोटा भरून आणला आणि शिद्यासमोर वाळूत बसलो. तुडवलेला पाय त्यानं पुढं केला. मी तो धुतला आणि उठायला लागलो. तसा शिद्यानं दुसरा पाय पुढं केला, नडगीवर फडकं बांधलेला.

"आता ह्येला काय झालं?" मी विचारलं. "ह्यो न्हाय तुडवला मी."

"न्हाय," शिद्या म्हणाला. "पर त्या दिवशी तुमी बगितलं व्हतं की."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी पुन्हा खाली बसलो, ते फडकं सोडलं आणि तो पायही धुतला. पाणी निम्मं वाळूतच गेलं. मग लोटा खाली ठेवला, उभा राहिलो, आणि नदीच्या पलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "व्हय! म्या बगितलं व्हतं!"